बांधाच्या तोंडाशी

"वरसभरात मारामारी? न्हाय बा," खालच्या पाड्यातला म्हातारा म्हणाला आणि जाळ्याची गाठ दातांनी ओढून घट्ट करू लागला. शेजारच्या घरातही तेच उत्तर मिळालं. वरच्या पाड्यात गेलो, तिथेही तेच. माझ्या हाताखालचे दोघे तपासनीस उत्तरं लिहून घेत होते आणि खूश होत होते. मी मात्र खूश नव्हतो. कारण यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता.

स्वातंत्र्यानंतरची दहाएक वर्षं उलटली होती. मुंबईच्या एका संस्थेने कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या काही गावांत एक योजना चालवली होती. दोन पाड्यांतल्या तरुण पोरांना दिवेलागणीला एका छपराखाली बसवायचं, लिहायला-वाचायला शिकवायचं, कवायत घ्यायची, आणि त्यातून पाड्यापाड्यांतली डोकेफोड थांबते का ते बघायचं. थांबते की नाही हे तपासायला जी पाहणी झाली, तिचा प्रमुख मी होतो.

ही जागा मला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. मी मिठागरावर वाढलो, दारोदार मीठ विकलं आणि बाहेरून परीक्षा देत शिकलो. संस्थेच्या साहेबांना पुण्याचा कोणी मोठा पदवीधर हवा होता. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "त्याला हे लोक पाणी देतील, बसायला घोंगडी देतील. उत्तर देणार नाहीत." साहेब हसले आणि मला घेतलं. ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

आता मारामारीबद्दल. आमच्याकडे शिमग्यात जे होतं ते मारामारीत धरत नाहीत. होळीच्या दिवशी दोन्ही पाडे खाडीपलीकडच्या डोंगरातून सावरीचं एकेक झाड तोडून खांद्यावर आणतात. परत यायला वाट एकच, खारबांधाची. बांध बैलगाडीपुरता रुंद. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. ज्याचं झाड आधी बांधावरून गेलं त्याची होळी त्या वर्षी मानाची. मागे राहिलेला पुढच्याला रेटतो, पुढचा मागच्याला अडवतो, आणि झाड तोडायला नेलेले कोयते सगळ्यांच्या कमरेला आकडीत अडकवलेले असतातच. दुसऱ्या दिवशी धुळवडीला दोन्ही पाडे एकमेकांच्या दारात जातात, होळीची राख एकमेकांच्या कपाळाला लावतात. ती राख लागली की आदल्या दिवसाबद्दल बोलायचं नाही. पुढच्या फाल्गुनापर्यंत तो विषय कोणी काढत नाही. पोलिसापुढे नाही, घरातही नाही.

मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. खालचा पाडा माझ्या आईचं माहेर. मी लहान असताना माझा थोरला भाऊ मामांबरोबर झाड आणायला गेला आणि बांधावरच्या रेटारेटीत झाडासकट खाडीच्या बाजूला पडला. पुनवेचं उधाण होतं, पाणी दगडांना लागलं होतं. तो सापडला तो दुसऱ्या दिवशी ओहोटीला, चिखलात. त्याच दुपारी वरच्या पाड्याचे लोक राख घेऊन आमच्या मामाच्या दारात आले आणि मामाने कपाळ पुढे केलं. आईनेसुद्धा. त्यानंतर त्याचं नाव घरात कोणी घेतलं नाही.

म्हणून ते "न्हाय बा" ऐकून मला भीती वाटली. ही पाहणी माघात संपणार होती. अहवालात लिहिलं जाणार, की योजना सुरू झाल्यापासून मारामारी नाही. तो अहवाल अलिबागच्या जिल्हा कचेरीत जाणार आणि होळीला बांधाच्या तोंडाशी दोन हवालदार बसत, ते उठणार. म्हणजे आमच्याच कागदापायी कोणाचा तरी पोरगा पाण्यात जाणार.

मी मुंबईला जाऊन साहेबांपुढे बसलो.

"पाहणी शिमग्यापर्यंत चालू ठेवा," मी म्हटलं.

"अहो, मुदत ठरलेली आहे. शिवाय उत्तरं सगळी एकसारखी आलीत. आणखी काय हवंय तुम्हाला?"

"सगळ्यांनी एकच भाव सांगितला की मी मालाची गोणी उघडून बघतो."

"हा बाजार नाही."

"तोच तर त्रास आहे साहेब. बाजारात निदान माल बघू देतात."

माझा आवाज चढला होता, बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग मी आवाज उतरवला आणि देवघेव केली. त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या गावांचं काम लवकर हवं होतं. ते मी आधी करून देतो, हे गाव फाल्गुनानंतर घ्या. त्यांनी मान्य केलं. उठताना म्हणाले, "तुम्ही फार घाबरट आहात बुवा." ते खरंच होतं.

होळीच्या दुपारी मी बांधावर जाऊन उभा राहिलो. हवालदार बाभळीच्या सावलीत बसले होते. वर्गाचे गुरुजी, एक सडसडीत, सौम्य माणूस, माझ्या शेजारी उभे होते आणि घाम पुसायला सारखे धोतराचा सोगा उचलत होते, पुसायचं विसरून पुन्हा सोडत होते. भरती चढत होती. मी पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाण्याकडेच बघत होतो.

आधी ढोल ऐकू आले. एका डोंगरकुशीतून एक, दुसरीतून दुसरा. दोन्ही जवळ येऊ लागले. दोन झाडं जवळजवळ एकदम वळणावर दिसली. पोरं धावत होती. खालच्या पाड्याच्या झाडाच्या शेंड्याशी एक उंच पोरगा होता, वर्गात पहिल्या रांगेत बसणारा. वरच्या पाड्याच्या झाडाशी वर्गात त्याच्याच शेजारी गिरवणारा एक बुटका. दोघांच्या कमरेला कोयते.

"आला रं मोजणीवाला," बुटका ओरडला. "आमची डोकी मोजतोस का फुटलेली मोजतोस?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही. झाडं बांधाच्या तोंडाशी बरोबरीने आली आणि ढोल थांबले. त्या शांततेत पाणी दगडांवर आपटल्याचा आवाज आला, आणि मला भावाची पाठ दिसली. तेवढीच मला आठवते, झाडाखाली वाकलेली.

मग उंच पोराने झाड खाली टेकवलं. त्याच्या मागचे एकमेकांकडे बघत राहिले आणि त्यांनीही टेकवलं. वरच्या पाड्याचं झाड पुढे गेलं.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, "का थांबलास?"

"खांदा दुखत हुता."

"खरं सांग."

"हवालदार बसले हुते ना." मग, "त्या बुटक्याची पाटी माझ्याकडं हाय." आणि शेवटी वैतागून, "मला काय म्हाईत, भाऊ? थांबलो. लिव्ह काय लिवायचं ते."

मी लिहिलं. या वर्षी बांधावर मारामारी झाली नाही. वर्गामुळे, पोलिसांमुळे की आणखी कशाने, हे सांगता येत नाही. बंदोबस्त काढू नये. ही शेवटची दोन वाक्यं साहेबांनी कापली. छापील अहवालावर त्यांचं नाव होतं. माझं आत, ज्यांनी मदत केली त्यांच्यात, गाडीवानाच्या वरती होतं. माझं नाव कुठे होतं याचा राग मी अजून धरून आहे, आणि धरणार आहे. पण त्या दोन वाक्यांचा राग वेगळा. त्याने झोप जायची.

पुढच्या पौषात अलिबागला गेलो. तिथले अधिकारी अदबीने बोलले. "बंदोबस्त कशाला? तुमच्याच पाहणीत आहे, गाव शांत झालं म्हणून." मी भांडलो, टेबलावर हात आपटला. त्यांनी मला पाणी दिलं आणि बाहेर पोचवलं.

आणि आता तर खालच्या पाड्याचं एक वर्ष वरच्यांकडे राहिलं होतं. खालचे थांबले होते, सगळ्यांनी बघितलं होतं. ते पुन्हा थांबणार नाहीत, हे सांगायला पाहणी लागत नव्हती.

दोन्ही पाड्यांशी सौदा करायचा तर बांधावर करून उपयोग नव्हता. शिमग्यात दिलेला शब्द राखेबरोबर जातो. तो आधी घ्यायला हवा होता आणि आधी तर त्याबद्दल बोलायचंच नसतं. माघातल्या एका संध्याकाळी मी गुरुजींच्या वर्गात गेलो. दोन्ही पाड्यांतली पोरं होती, मागे काही मोठी माणसं, त्यांत माझा मामाही. मी उभा राहिलो आणि भावाचं नाव घेतलं. तो कुठून पडला आणि कसा सापडला ते सांगितलं.

"कोणी ढकलला ते मला नको," मी म्हटलं. "मला दुसरंच पायजे."

वरच्या पाड्याचा एक म्हातारा उठून निघून गेला. मामा खाली बघत म्हणाला, "भाच्या, ही शिमग्याची गोष्ट. माघात कशाला काढलीस?"

"फाल्गुनात उशीर होतो, मामा."

मग उंच पोरगा म्हणाला, "मंग काय, दर साली आमीच थांबायचं?"

"नाही. यंदा तुम्ही पुढे. पुढल्या साली ते. असंच आळीपाळीने."

"आनि पुढल्या साली खालच्यांनी न्हाय म्हटलं तर?" बुटक्याने विचारलं. "कोन जामीन?"

"मी. मला धरा. मी बांधावर उभा असणार."

"तुला धरून काय करू? मीठ इकू?"

हशा उठला. हो कोणीच म्हणालं नाही. आयुष्यात इतके सौदे केले, पण समोरच्याने हो की नाही न सांगता उठून जावं, असा तो एकच.

होळीला बाभळीच्या सावलीत कोणी नव्हतं. बांधाच्या तोंडाशी मी एकटा उभा होतो. गुरुजी झाडांच्या मागे डोंगराकडे गेले होते. पाणी पहिल्या दगडाला लागलं, मग दुसऱ्याला. ढोल वाजू लागला आणि मला कळलं की तो एकच आहे. वळणावर वरच्या पाड्याचं झाड आलं, खालच्यांच्या बरंच पुढे. त्यांना वाट मोकळी होती. ते सरळ गेले असते तर जुन्या रीतीने त्यात काही चूक नव्हतं, पण यंदाची पाळी खालच्यांची होती, आणि बांधाच्या मध्यावर त्यांना मागून खालच्यांनी गाठलं असतं. माझा भाऊ पडला तो मध्यावरच.

झाड माझ्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं.

"सर बाजूला, मीठवाल्या."

मी सरलो नाही. धैर्य म्हणून नव्हे, पायच उचलेनात. बुटक्याचा हात कमरेकडे गेला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. त्याने कोयत्याला हात लावला, तो आकडीत नीट बसवला, आणि मान मागे वळवून म्हणाला, "खांदा बदला रं."

त्यांनी झाड खाली घेतलं. खांदा बदलायला तेवढा वेळ कोणालाच लागत नाही. कोणी पंचा झटकत होतं, कोणी बिडी मागत होतं, कोणी सावरीचे काटे उगाच सोलत होतं. तेवढ्यात खालच्यांचं झाड आलं, त्यांच्या बाजूने गेलं आणि बांधावर चढलं. कोणी कोणाकडे बघितलं नाही. उंच पोरगा माझ्याजवळून जाताना फक्त खोकला.

ते पार गेल्यावर बुटक्याने झाड उचललं. "पुढल्या साली ये," तो मला म्हणाला. "तू न्हाय दिसलास तर सौदा मोडला."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाड्यांनी माझ्या कपाळाला राख लावली. मी मामाला विचारलं, "काल बरं झालं ना?" मामा म्हणाला, "काल? काल काय हुतं?"

तेव्हापासून दर होळीला मी तिथे जातो. संस्थेने ती योजना पुढे बंद केली, साहेबांचं पुस्तक झालं. मला अजून माहीत नाही की पोरं कशाने थांबतात. पौर्णिमा जवळ आली की मी आधी भरतीची वेळ विचारून ठेवतो.