ज्युदोच्या पहिल्याच क्लासात मी थिजली

मंडळी, आज सकाळी मी ज्युदोच्या क्लासले गेली होती. वय अठ्ठेचाळीस.

मागच्या महिन्यात हुडको कॉलनीच्या बाजारातून येताना एकानं मागून मान धरून माझं मंगळसूत्र ओढलं. तवापासून एकटी बाहेर निघाची हिंमत होत नाही. पोरगी म्हणाली, "आई, कराटे नाही तर ज्युदो शिक." कराटेत लाथा माराव्या लागतात अन् माझे गुडघे दुखतात, म्हणून ज्युदो निवडला.

सर भला माणूस. म्हणाले, "दीदी, डरिए मत, पहले पकड़ सिखाऊँगा." अन् हळूच माझ्या जॅकेटची कॉलर धरली.

मी जागीच थिजली. ओरडता आलं नाही, हातही उचलता आला नाही. अगदी त्या दिवशीसारखंच. सरांनी लगेच सोडलं, पण मी तिथंच बसून रडत राहिली.

सर म्हणाले, "आप कराटे ही कर लीजिए, शुरू में कोई छूता नहीं."

दुपारपासून तोच विचार करून राहिली. ज्याले मले लुटाचं आहे, तो तर हात लावणारच ना? मंग मी शिकू तरी काय?

तुमच्यापैकी कोणी या वयात शिकलं का? खरं सांगा, ही भीती जाते का?