अर्थ न कळता गायलेली ओळ

उलरिकेचा फोन आला तेव्हा मी विमानतळाजवळ, आमच्या बाडहूव्हडॉर्पच्या बसथांब्यावर उभी होते. "पापा गेले," ती म्हणाली आणि नेमकं डोक्यावरून विमान गेलं. बिचारीला तेच पुन्हा म्हणावं लागलं. सुटले एकदाचे, असं माझ्या मनात आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला... कारण त्यांना सुटायचं होतं की नाही, हेच तर शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

उलरिकेचे वडील डीटर आमचे शेजारी. जर्मन माणूस, डच बायकोसाठी इथे, तिच्या देशात आलेले आणि ती गेल्यावर इथेच राहिलेले. ऑपेराचे शब्द लिहायचे, उरलेला जीव फुलपाखरांवर. त्यांच्या सुरवंटांसाठी परसात खाजऱ्या पानांचं रान माजवलेलं, त्यावरून पलीकडच्या बाईंशी कायमचं वाकडं. इथे सगळे नावानेच हाक मारतात, पण सत्तरीच्या माणसाला नुसतं डीटर म्हणायला माझी जीभ रेटेना. मी काका म्हणायचे. हिवाळ्यात ते मला मागच्या शेडमध्ये नेत. छताला फुलपाखरं लटकलेली असत, पंख मिटून, जळक्या पानासारखी काळी. "जिवंत की मेलेलं?" काका विचारत. मी फुंकर घालायला गेले की ओरडत, "नको! थंडीत जागं केलं तर मरेल. कळत नसेल तर दार लावून घ्यायचं."

मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, घरात बसून आंबून गेलेली. दुपारी रियाज करायचे तेवढाच विरंगुळा. एकदा काका दारात उभे. म्हटलं, आली तक्रार. तर म्हणाले, "तुला जर्मन येतं?" नाही म्हटलं. "उत्तम. शिकू नकोस." जर्मन गायिका अर्थाच्या आधाराने वाईट ओळही निभावून नेते, असं त्यांचं म्हणणं. मी अडखळले की ओळच वाईट. मग दर गुरुवारी त्यांनी लिहिलेलं मी गायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. कॉफीबरोबर एकच बिस्किट, की डबा बंद. डचांची ही एक रीत त्यांनी मनापासून उचलली होती. त्यांचा शेवटचा ऑपेरा कोळशाच्या खाणीसाठी उठवलेल्या गावाचा होता. त्यातल्या एका म्हातारीच्या ओळीतला शेवटचा शब्द, 'हिअर', वरच्या सा-वर माझ्या गळ्यात चिमटायचा. काकांनी तो खोडून 'दा' घातला. लास मिश दा. मोकळा, लांब आकार... "आता ही तुझी ओळ," ते म्हणाले. अर्थ मी विचारला नाही, तसं ठरलंच होतं.

शरद ऋतूत त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "शब्द गेले की मला ठेवू नका," हे त्यांनी लेकीला, डॉक्टरांना, मलाही कितीदा सांगितलेलं. इथल्या कायद्यात इच्छामरणाची वाट आहे, पण डॉक्टरांना त्या माणसाच्या इच्छेची खात्री पटावी लागते. मी शुश्रूषागृहात भेटायला गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून आमची ओळ गायले. काकांचे ओठ हलले आणि तेही गायले! स्वच्छ, एकेक शब्द. बोलता न येणाऱ्यांना कधीकधी गाता येतं, असं नर्सने सांगितलं. मी आनंदाने रडत नवऱ्याला फोन केला, "अरे, काका गायले! एकदम क्लिअर!"

मग तेवढंच उरलं. पाणी हवं, लास मिश दा. कूस बदलायची, लास मिश दा. काही दिवसांनी डॉक्टर आले. हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "डीटर, तुम्हाला अजूनही जायचंय?" काकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गायले. उलरिकेने तोंडावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी तिला अर्थ विचारला.

"राहू दे मला इथेच," ती म्हणाली.

डॉक्टरही मागोमाग बाहेर आले. मग म्हणाले, "ही इच्छा त्यांची की त्या म्हातारीची, मला कसं कळणार? आणि कळत नसेल तर मी हात लावू शकत नाही." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "पापा आत अडकलेत," उलरिके म्हणायची. मलाही तसंच वाटे. पण गाताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की वाटे, माणसाचं मन बदलूही शकतं ना... सगळा हिवाळा असा गेला. पाठीला जखमा झाल्या, घोटभर पाण्याचा ठसका लागायला लागला. शेवटी न्यूमोनियाने नेलं. माझ्या गळ्याला सोपी जावी म्हणून घासलेली ओळ त्यांच्या नशिबी आली, हे मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात उलरिकेने घर रिकामं केलं. शेड तेवढी मी बघते म्हटलं. उन्हं आली आहेत. फुलपाखरं फटीतून उडून गेलेली. एकच कोपऱ्यात लटकलेलं होतं, काळं, मिटलेलं. फुंकर घालावीशी वाटली. घातली नाही. त्याच्याखाली उभी राहून हलकेच गायला लागले. लास मिश... पुढचा आकार निघेना. अर्थ कळल्यापासून तो निघतच नाही. बाहेर आले, आणि दार लावून घेतलं.