सही करू नका, असं मी काकूंना सांगितलं

मी निघाले त्या सकाळी अण्णांनी माझी व्हिसाची कागदं मामाच्या गाडीच्या बॉनेटवर पसरली आणि पुन्हा एकदा वाचायला घेतली. आई डबा पिशवीत कोंबत ओरडत होती, "अहो, सोडा आता, विमान काय तुमच्यासाठी थांबणाराय?" अण्णा हलले नाहीत. इंग्रजी त्यांना अर्धंच कळतं, तरी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग मान वर करून म्हणाले, "सही करायच्या आधी बघायचं, आपल्या हातातनं काय सुटतंय. काय मिळतंय ते समोरचा सांगतोच."

हे वाक्य आमच्या घरात कुठून आलं ते गावाकडच्यांना सांगायला नको. लंडनजवळच्या पिनर-मेडनहेडला राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी सांगते. आमचं गाव साताऱ्याच्या डोंगरात होतं. ते धरणात गेलं. आम्हाला सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर आणून टाकलं, पाटीवर जुनंच नाव लिहिलं आणि पुढे 'पुनर्वसित' जोडलं. जमिनीच्या बदल्यात जमीन दिल्याशिवाय भरपाईच्या कागदावर सही नाही, असं गावाने ठरवलं होतं. वर्षानुवर्षं पाळलं. शेवटी जमीन मिळाली. मी जन्मले ती या विजयानंतर, आणि चळवळीची पत्रकं लिहायला शिकले ती याच गोष्टीवर. पुण्यात कॉलेजात असताना विषय कुठलाही असो, ही गोष्ट मी त्यात घालायचेच. इंग्लंडात मिल्टन कीन्सला नोकरी लागली तेव्हा बॅगेत लोणचं होतं आणि डोक्यात ही गोष्ट.

मिल्टन कीन्स हे आधी कागदावर आखून मग बांधलेलं शहर. इथे रस्त्यांनासुद्धा नंबर आहेत. कागदावरून पुसलेल्या गावाच्या मुलीला अशा शहराचा राग यायला हवा. मला आला नाही. रेडवेवरून, म्हणजे सायकलींच्या लाल वाटेवरून, ऑफिसला जायचं, शनिवारी लायब्ररीबाहेर पत्रकं वाटायची, कौन्सिलला शिव्या द्यायच्या. बरं चाललं होतं.

माझ्या टीममध्ये अनुश होती. आर्मेनियन, मूळची काराबाखची, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ मुलखाची, घर तिथल्या स्तेपानाकेर्त शहरात. २०२३च्या सप्टेंबरात, कितीतरी महिने रस्ता अडवून लोकांना उपाशी ठेवल्यावर, अझरबैजानने हल्ला केला आणि आठवड्याभरात जवळजवळ सगळेच आर्मेनियन लोक डोंगर उतरून आर्मेनियात आले. इथल्या टीव्हीवर बातमी चार दिवस चालली असेल. त्या चार दिवसांत अनुश डेस्कवर बसून आईला फोन लावत होती आणि बाकीचे तिला "तू घरी जा ना" म्हणत होते. कुठल्या घरी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तिची आई, करीने काकू, आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला पोचल्या. निघण्याआधी त्यांनी फरशी पुसली होती. कुणासाठी पुसली, म्हणून नंतर स्वतःलाच शिव्या दिल्या. रविवारी सकाळी अनुशच्या किचनमध्ये व्हिडिओ कॉल असायचा. मी त्यांना काकू म्हणायचे, त्या मला नावापुढे 'जान' लावायच्या. त्यांची नोकरी जमीन-नोंदणीच्या कार्यालयात होती हे कळल्यावर मी ओरडलेच, "म्हणजे तलाठी!" आणि आमच्याकडच्या तलाठ्यांचे किस्से सुरू केले. अनुशने भाषांतर केलं. काकू गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सांग तिला, मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. कॉन्यॅक घ्यायचे."

येरेवानच्या घरमालकिणीने त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "तुमच्या डोंगरापायी माझा पुतण्या लढाईत गेला." काकूंचा भाऊही त्याच डोंगरात गेला होता. दोघी जिन्यात बसून एकत्र रडल्या, आणि पुढच्या महिन्यात तिने भाडं वाढवलं.

काराबाखच्या लोकांचा पासपोर्ट वर्षानुवर्षं आर्मेनियाचाच होता. घर गेल्यावर सरकारने सांगितलं, तो नुसता प्रवासाचा कागद होता, तुम्ही नागरिक नाही, निर्वासित आहात. घरासाठी मदत हवी तर नागरिकत्वाचा अर्ज करा. सीमेजवळच्या गावात घर घेतलंत तर मदत जास्त. म्हणजे ज्यांनी एकदा तोफा ऐकल्या त्यांनीच परत ऐकायच्या! आणि परतीचं नाव काढायचं नाही, त्याने नवं युद्ध ओढवेल. मला चीड आली, आजही येते. पण त्या सरकारच्या खुर्चीत बसून दुसरं काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. एवढासा देश, सरहद्द उघडी, जुना पाठीराखा रशिया नुसता बघत उभा राहिलेला, शिकलेली पोरं परदेशात. अझरबैजानशी होणाऱ्या तहाच्या मसुद्यात काकूंच्या घराबद्दल एक ओळ नाही, आणि ती ओळ मागण्याइतकी ताकद देशात उरलेली नाही. पत्रकात असलं काही मी कधी लिहिलं नव्हतं.

एका रविवारी काकूंनी भरलेला अर्ज कॅमेऱ्यासमोर धरला. फक्त सही बाकी होती. म्हणाल्या, "सही केली की मी इथली झाले. मग उद्या तिथलं घर मागायला मी कोण?"

मी म्हणाले, "काकू, सही करू नका."

अनुशने ते भाषांतर करून पुढे पोचवलं नाही.

"सांग ना त्यांना."

"Are you sure?"

"शंभर टक्के. आमच्या अख्ख्या गावाने हेच केलंय."

मग मी धरणाची गोष्ट सांगितली, सभेत सांगतात तशी, हातवारे करून. अनुशने शब्द न् शब्द पोचवला. काकूंनी मन लावून ऐकलं, जमीन न मोजता मिळाली की मोजून, तेही विचारलं. मग अर्ज दुमडून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या दिवशी मी सायकलवरून गाणं म्हणत घरी आले. आज त्याची लाज वाटते.

पुढे काय झालं ते थोडक्यात. निवृत्तीचं वय न झालेल्या धडधाकट निर्वासितांना सरकार देत होतं ती भाड्याची मदत बंद झाली, आणि सही नाही म्हणून घराची मदतही नाही. काकूंना तिथे काम मिळालं नाही. त्या रशियात चुलतभावाकडे गेल्या आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागल्या. ज्या देशाला एक-एक माणूस हवंय त्याचं एक माणूस कमी झालं.

अनुश भांडली नाही. ऑफिसच्या किचनमध्ये कप विसळता विसळता म्हणाली, "मी दोन महिने तिला सही कर म्हणत होते. माझं ऐकलं नाही. तुझं ऐकलं. आणि ते मीच translate केलं."

मी अण्णांना फोन केला. वाटलं, ते तरी म्हणतील, बरोबर सांगितलंस पोरी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईचं माहेर कुठाय?"

"माहेर पण तिकडेच गेलं, अण्णा."

"मग तिला कशाच्या जोरावर नाही म्हणायला लावलंस? अगं, आम्ही सही केली नाही तवा राहिलो कुठं? तुझ्या आजोळी. निम्मं गाव सोयऱ्यांच्या पडवीत हुतं."

"हे कधी सांगितलं का नाही मला?"

"सभेत उभं राहून कोण सांगतं गं, सासुरवाडीत पडून हुतो म्हणून?"

मागून आईचा आवाज आला, "माझ्या बापानं एकदा पण विचारलं नाही, जावई कधी जाणार म्हणून."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी जी गोष्ट छापत आले तिच्यातून आजोबांची पडवीच गळली होती. गावाकडच्यांनो, आणि इथे आलेल्यांनो, मला विचाराल तर घर म्हणजे आता तेवढंच. माती नाही, देव्हारा नाही, पाटीवरचं नाव तर नाहीच. आपण हट्टाला पेटलेलो असताना जिथे कुणी कधी जाणार म्हणून विचारत नाही, ती जागा. मला अजून ती आहे, म्हणूनच मी इथे एवढ्या मोठ्या आवाजात बोलते. काकूंना ती नव्हती आणि मी त्यांना माझ्या आवाजात बोलायला लावलं.

माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. अनुशने आणि मी मिळून काकूंसाठी व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला. सहा महिने तरी सोफ्यावरून उठतील, एवढंच. नकाराचं पत्र ईमेलने आलं. अर्जदार मुदत संपल्यावर आपल्या घरी परत जाईल अशी खात्री पटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. अनुशने ते दोनदा वाचलं आणि माझ्यासमोरच आईला फोन लावला. बोलणं त्यांच्या भाषेत झालं, लवकर संपलं.

"काय सांगितलंस?"

"फोटो नीट नव्हता म्हटलं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवीन फोटो काढून पाठवला. केस नीट विंचरलेले, मागे पांढरी भिंत.