सांगितलेलं नाव आणि दिसलेला पत्ता

माझी सून वैशाली एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळते. मेल आली की तिथे एक ओळ उमटते. पाठवणारं यंत्र स्वतःचं नाव सांगतं, ते आधी. ते कुठल्या पत्त्यावरून आलं हे आपल्या यंत्राने पाहिलेलं असतं, तो आकड्यांतला पत्ता पुढे कंसात; त्यावरून गाव कळतं.

माझा मुलगा, तिचा नवरा, मस्कतला नोकरीला आहे. काल त्याची तिला मेल आली, "इथे सगळं ठीक." तिने सवयीने ओळ पाहिली. आकडा पुण्यातला निघाला.

"म्हणजे तो पुण्यात आहे?"

"तसंच काही नाही, आई. हा पत्ता आपल्या हातात मेल देणाऱ्या यंत्राचा. लिहिणारा दुसरीकडे असू शकतो."

"मग तोंड का उतरलं तुझं?"

ती ओळ पुन्हा वाचत राहिली.

दारावर थाप पडली की आपण "कोण?" विचारतो. बाहेरचा म्हणतो, "मी." एवढ्यावर मी जन्मभर कडी काढत आले. माणूस कुठून आला, हे घरच्या माणसाला कोण विचारतं? विचारावंसं वाटलं, तिथेच काहीतरी बिघडलेलं असतं.

"फोन लाव त्याला," मी म्हटलं.

"लावते," ती म्हणाली. लावला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.