बारा झाडांचं शुद्धिपत्र

चंद्रपुरात खोटं न बोलणारी माणसं शोधली तर पाच-पंचवीस सापडतील, पण खोटं न छापणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका विभागप्रमुख म्हणून माझ्या वाट्याला आला. आमच्या कॉलेजात सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की शिपायालासुद्धा कळायचं, वनस्पतिशास्त्रवाले. मूळचे सावली तालुक्याकडचे, धानाच्या पट्ट्यातले. बोलणं थेट तिकडचं, पण लिहायला बसले की एका वाक्यासाठी अर्धा दिवस घालवतील. एप्रिलमध्ये टपरीवर कोणी घाम पुसत म्हणालं, “आज तर कालच्यापेक्षा जास्त आहे बाप्पा,” की सर कप खाली ठेवायचे. “कोनं मोजलं? कुठी मोजलं? झाडाखाली का टिनावर?” तो बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा. सर मात्र चिडवत नसायचे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

शोधनिबंधाच्या बाबतीत तर त्यांचा हट्ट विचारूच नका. एकदा प्राचार्यांनी बोलावून गोड आवाजात सुचवलं की विभागाच्या निबंधावर आमचंही नाव असू द्या, कॉलेजची शोभा वाढेल. सरांनी शांतपणे विचारलं, “तुमी जंगलात आले होते का सायेब?” प्राचार्य म्हणाले, नाही. “मंग नाव कुठून आलं?” त्यानंतर दोन उन्हाळे आमच्या विभागाच्या कूलरची फाइल प्राचार्यांच्या टेबलावरून हलली नाही. आम्ही ओले पंचे डोक्यावर टाकून सूक्ष्मदर्शकात बघत बसायचो. उलट आभाराच्या यादीत मात्र सर कोणाला वगळायचे नाहीत. वाटेत थांबा नसताना आम्हाला उतरवून देणारा एसटीचा ड्रायव्हर, काटा दुरुस्त करून देणारा बाजारातला रहीमभाई, सगळे त्यात असायचे. संपादक ती यादी कापायचे, सर भांडून परत घालायचे. दुसऱ्यांचे निबंध तपासायला यायचे तेव्हा तर निबंधापेक्षा सरांचं उत्तर लांब. एकाने दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा उचलला होता, तर सरांनी सात पानं लिहिली आणि वर शेवटी जोडलं, ‘आपल्या प्रकृतीस जपावे’. तो तक्ता चोरणारा घाबरला की ओशाळला, देव जाणे.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे उन्हाळा लागला की बेकार. कायम होण्याची मुलाखत दीड-दोन वर्षांवर आली होती आणि माझ्या नावावर एकही छापील ओळ नव्हती. सरांना ते ठाऊक होतं. त्यांनी विषय काढला तो मोहफुलांचा, एका झाडाखाली हंगामभर किती फुलं पडतात याचा. धानोऱ्याकडच्या एका गोंड कुटुंबाच्या वाट्याच्या झाडांपैकी बारा झाडं ठरली. त्या घरची म्हातारी बाई आणि तिची सून पहाटेपासून वेचायच्या. आमच्या झाडांचं वेगळ्या टोपलीत, बाकीच्यांचं त्यांच्या टोपलीत. मी काट्यावर तोलायचं आणि वहीत लिहायचं. सर फक्त रविवारी यायचे. निबंध छापून आला तेव्हा माझं नाव आधी होतं आणि त्यांचं मागे. मी लाजून काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाले, “पहाटे कोन उठत होता? मी का तू?” मी घरी जाऊन ते पान आईला चार वेळा दाखवलं.

आता सरांची आणखी एक खोड. छापलेला निबंध ज्यांच्या गावचा, त्यांना तो नेऊन द्यायचा आणि मराठीत समजावून सांगायचा. पुढच्या मोसमात ते एकटेच गेले, बाईच्या अंगणात बसले आणि पहिल्या झाडाचा आकडा वाचला. बाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. “येवढं त्या झाडाले कधी आलं मास्तर? मी माझ्यातलं टाकत होती ना! पावन्याची टोपली हलकी जाऊ देत असतात का?”

दुसऱ्या दिवशी सर विभागात आले ते खुर्चीवर न बसताच म्हणाले, निबंध मागे घ्यावा लागेल. मुलाखत तीन महिन्यांवर होती. मी म्हटलं, “सर, संपादकसुद्धा म्हणतील राहू द्या. कोण जाणार आहे पुन्हा मोजायला?” आणि पुढे संपादकांनी खरोखर तसंच कळवलं. सर तेव्हा खिडकीतून बाहेर पाहत होते. “उद्या हा आकडा पाहून कोनी ठेकेदार त्या बाईले म्हनन, बारा झाडाचं एवढं येते, तू कमी काऊन आनलं? मंग तिनं काय सांगाव? पावना आला होता म्हनून?” मग वळून त्यांनी विचारलं, “ते टाकत होती, हे तुले दिसलं होतं का?”

“नाही सर,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाले. पंधरा दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शुद्धिपत्र शेवटच्या पानावर चार ओळींत आलं. आकडे ग्राह्य धरू नयेत, निबंध मागे घेत आहोत. आणि खाली एक वाक्य: ‘टोपल्या तोलण्याचे काम दुसऱ्या लेखकाने केले होते, पहिल्या लेखकाचा या चुकीशी संबंध नाही.’ मुलाखतीत समितीने निबंधाचं विचारलंच. मी पत्रिका उघडली आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. मी कायम झालो. सरांनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला, आणि त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. त्यांच्या मुलीने कागदांचा एक गठ्ठा माझ्याकडे दिला, त्यात ती वजनाची वही निघाली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं अक्षर माझं. वही इतकी वर्षं त्यांच्यापाशी होती. टपरीवरच्या माणसालाही ‘कोनं मोजलं’ विचारणाऱ्या माणसाला इथे कोणी मोजलं हे कळलं नसेल, असं म्हणायची मला लाज वाटते. आयुष्यात त्यांनी एकच खोटं वाक्य छापलं आणि ते माझ्यासाठी, आणि मी ते तसंच राहू दिलं. सर असते तर दुरुस्ती चार ओळींत कर म्हणाले असते, मला एवढं लिहावं लागलं. टोपल्या मी तोलल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी बाईने आपल्या टोपलीतली दोन ओंजळी फुलं आमच्या टोपलीत टाकली, माझ्याकडे पाहून हसली, आणि मी वजन लिहून घेतलं.