पडद्याआडचा खोकला

कपडे शिवायच्या त्या मोठ्या दुकानात ती बटणांची काजं करायला लागली तेव्हा तिची लेक रांगत होती आणि नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मालकांनी काम दिलं, दुकानावरची खोली दिली. ‘राहा हवे तितके दिवस,’ म्हणाले. कागद नाही, नुसता शब्द. सगळे तिला काजमावशी म्हणू लागले, आणि सव्वीस वर्षांत तिचं खरं नाव लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर काय ते उरलं.

मालक भला माणूस. कुणी विचारलं की ती लगेच तसं सांगायची, जरा जास्तच लगेच.

कामाच्या खोलीच्या टोकाला मालकांची काचेची केबिन होती. काचेला आतून पडदा. मालक आत आहेत की जेवायला गेलेत, बाहेरून समजायचं नाही. समजायचं ते खोकल्यावरून. एकदा खोकले तर सहज. दोनदा खोकले की गप्पा बंद, मान खाली. असा नियम मालकांनी कधी केला नव्हता. तो मावशीनेच केला आणि मुकाट्याने पाळला.

इस्त्रीवाले काका एकदा म्हणाले होते, वाफेने जीव घुसमटतो, खिडकी उघडी ठेवू या. मालक हसून ‘बरं’ म्हणाले. आठवड्याने तसंच हसून म्हणाले, ‘काका, खूप केलंत. आता आराम करा, उद्यापासून नका येऊ.’ आवाज चढला नाही की दार आपटलं नाही. काका डबा उचलून गेले. खिडकी मात्र तेव्हापासून रोज उघडी असायची. मावशी त्या खिडकीजवळ कधी बसली नाही.

पुढे शेजारच्या गल्लीतल्या घड्याळजींनी तिला लग्नाचं विचारलं. सरळ माणूस, लेकीलाही आवडलेला. मालकांना काय वाटेल, या विचारात तिने दोन महिने घालवले. मालक बहुधा ‘छान झालं’ म्हणाले असते. पण बहुधाच. तिने विचारलंच नाही, आणि घड्याळजींना नाही म्हणून सांगितलं.

मालक गेले ते सकाळी, केबिनमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या. दहा-बारा दिवसांनी कुणीतरी पडदा धुवायला काढला. रिकामी खुर्ची आता सगळ्यांना दिसत होती. भर दुपारी मावशी एका कोटाचं काज घालत होती आणि केबिनमधून खोकला ऐकू आला. दोनदा. तिची सुई थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं, तर बाकीचे हसतखिदळत शिवत होते.

मग तो रोजच ऐकू येऊ लागला. कधी जिन्यात, कधी ती चहा ओतताना. एकदा लेक तिला आपल्या घरी न्यायला आली, तेव्हा आई रिकाम्या केबिनच्या दाराशी उभी राहून म्हणत होती, ‘जरा लेकीकडे जाऊन येते. लवकर येईन.’

रस्त्यात लेकीने विचारलं, ‘आई, त्यांनी तुला कधी त्रास दिला होता का?’

‘नाही गं.’

‘ओरडले? हात उगारला?’

‘कधीच नाही.’

‘मग इतकी कसली भीती?’

मावशीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, ‘त्यांनी काही केलं नाही. पण केलं असतं तर त्यांना विचारणारं कोण होतं? रोज उठून मी तेवढंच बघायची, आज करतात का.’

महिन्याभराने मालकांची मुलगी दुकान सांभाळायला आली. गोड स्वभावाची. तिने मावशीचा हात हातात घेतला. ‘मावशी, घाबरू नका. खोली तुमचीच आहे. बाबांसारखीच मीही तुमची काळजी घेईन.’

मावशीच्या मागे कुणीतरी खोकत होतं. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मावशी वळली नाही.

‘काळजी नको, बाई,’ ती म्हणाली. ‘कागद द्या.’

‘कसला कागद?’

‘खोलीचा. आणि कामाचा. कुणाला काढायचं तर कारण लिहून द्यायचं, आणि ज्याला काढायचं त्याला बाकीच्यांसमोर आपली बाजू मांडू द्यायची. सगळ्यांसाठी.’

मुलीचा चेहरा उतरला. ‘माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?’

‘आहे. पण उद्या तुमचं मन बदललं, तर मी दाद कुठे मागू?’

मुलगी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मावशीने ट्रंक भरून ठेवली, लेकीला निरोपही धाडला. पाचव्या दिवशी मुलगी वकिलाला घेऊन आली. घासाघीस तीन आठवडे चालली. शेवटी कागद झाला आणि त्यावर दुकानातल्या अकराही जणांच्या सह्या झाल्या. सही करताना मावशी आपल्याच नावावर अडखळली.

खोकला काही गेला नाही. अजूनही ऐकू येतो, आणि तिचा हात अजूनही थबकतो.

परवा जेवणाच्या सुट्टीवरून तिचं आणि नव्या मालकिणीचं चांगलंच वाजलं. मावशीला अर्ध्या तासाची सुट्टी पाऊण तास हवी होती. बाकीच्यांना लवकर घरी जायचं होतं म्हणून त्यांनी मालकिणीची बाजू घेतली, त्यामुळे ती हरली. हरली ती हरली, वर दिवसभर तोंड फुगवून बसली, मालकिणीसकट सगळ्यांच्या देखत.