मुद्देमालाची ज्वारी

वन्सं दूध घेताना आधी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत आणि मग भांड्याकडे. दुधात पाणी आहे की नाही हे त्यांच्या मते दुधापेक्षा त्याच्या डोळ्यांत लवकर कळायचं. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्नाचं विचारायला आलेल्या एका भल्या माणसाला त्यांनी इतके उलटसुलट प्रश्न विचारले, की तो गेला तो परत फिरकलाच नाही. त्याची त्यांना खंत नव्हती. "पळाला म्हणजे काहीतरी असणारच," एवढंच म्हणायच्या. मग त्या आमच्याच घरात राहिल्या, वाट्याला आलेलं विहिरीजवळचं शेत स्वतः कसू लागल्या आणि गावानं त्यांना नाव दिलं, फौजदार.

बाई वाईट नव्हत्या. मी एकदा तापानं पडले होते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी उजेडात धरून, हुंगून मगच त्यांनी मला दिली. पण उशाशी बसून होत्या त्याही त्याच. त्यांचा संशय केरसुणीसारखा होता. कचरा असो नसो, रोज सगळीकडून फिरायचा.

विश्वास होता तो एकाच गोष्टीवर, आपल्या तुरीच्या बियाण्यावर. तांबूस, टपोरं, आईकडून आलेलं. त्याची डाळ पटकन शिजायची आणि चवीला गोडसर लागायची. बाजारात ते मिळत नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या घरीही नव्हतं, कारण वन्संनी मूठभरसुद्धा कधी कुणाला दिलं नाही. बांधाला बांध लागून शेत असलेल्या बाईनं एकदा मागितलं होतं. त्या बाईला वन्सं 'पलीकडची' म्हणत.

"पलीकडचीला आपलं बी कशाला हवंय? तिच्या बियाला काय धाड भरली?"

"अहो, आवडलं असेल," मी म्हटलं.

"आवडायला तिनं खाल्लं कधी? म्हणजे शेंगा तोडल्याच असणार."

तर दरवर्षी तेच बी आणि तेच शेत. दुसऱ्या जमिनीचा काय भरवसा?

त्या वर्षी पेरणी झाली, कोंब वर आले आणि विहिरीच्या बाजूला तुरीच्या ओळींमध्ये भलतंच काहीतरी उगवलं. पातळ, लांब पातीचं. ज्वारी! वन्संनी ट्रॅक्टरवाल्याला बोलावून शेतातच उभं केलं.

"आत्या, चुकून झालं," तो कान धरून म्हणाला. "आदल्या दिवशी दुसरीकडे ज्वारी पेरली होती. पेरणीयंत्राच्या दोन पेट्यांत तळाशी राहून गेली. तिच्यावरच तुमची तूर ओतली. पहिल्या फेऱ्यांना खालचं बी पडलं. पुढे सगळी तूरच आहे, विषय संपला."

"संपला की नाही ते मी ठरवीन. कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"ज्वारी पेरायला कोण सांगेल हो? दावा साधायचा असता तर हरळी नसती का लावली?"

"बघ! लगेच सुचलं की नाही तुला?"

निंदायला आलेल्या बायका ज्वारी उपटू लागल्या तशा वन्सं धावल्या. "हात लावायचा नाही. पुरावा आहे तो. पीक निघालं की चार माणसं आणून दाखवणार आहे मी." काठ्या रोवून, चिंध्या बांधून त्यांनी तेवढ्या पट्ट्याची हद्दच आखली. बायका तोंडाला पदर लावून हसत. "अगं ए, बाजूनं चाल. मुद्देमालावर पाय पडेल." पीक वाढलं तशी ज्वारी तुरीच्याही वर गेली आणि वन्सं तिच्याकडे अशा बघत, जशी ती कोठडीतच आहे.

तूर फुलावर आली आणि मरायला लागली.

आधी एक झाड. पानं पिवळी पडून लोंबली. पाणी कमी पडलं म्हणावं तर खाली ओल होती. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. बघता बघता शेताच्या मधोमध वाळलेल्या झाडांचं भलंमोठं टक्कल पडलं.

"कुणीतरी मुळाशी काहीतरी ओततंय," वन्सं म्हणाल्या.

दिवसभर छत्री घेऊन त्या बांधावर बसू लागल्या. वाटेनं कोण गेलं, कुणाच्या हातात डबा होता, कोण उगाच खोकलं, सगळं मला येऊन सांगत. पलीकडची कळशी घेऊन विहिरीकडे जाताना दिसली, तर तिला पाणी ओतून दाखवायला लावलं. ती पण काही कमी नव्हती. अर्धी कळशी वन्संच्या पायांवर ओतली आणि म्हणाली, "बघा, करपतात का!"

एके दिवशी वाळलेलं झाड उपटून वन्संनी माझ्या ओट्यावर आणलं. भाजीच्या सुरीनं खोड उभं चिरलं. आत, पांढऱ्या लाकडात, मुळापासून वर चढत गेलेली काळपट रेघ होती.

"बघ. विष चढलंय."

मला तर ती रेघ बघून काही सुचेना. आमच्या वर्षाच्या डाळीचं मी कुठूनही भागवलं असतं. पण सगळी झाडं अशी गेली तर पुढच्या वर्षी पेरायला बी कुठलं आणायचं? घरातलं सगळं पेरून झालं होतं आणि गावात दुसरीकडे एक दाणा नव्हता. वन्संनाही ते कळत होतं. त्या दिवशी त्या जेवायला बसल्या खऱ्या, पण भातावर काय वाढलंय हे त्यांनी तपासलं नाही. तेव्हा मी घाबरले आणि नवऱ्याला शेतीखात्यातल्या साहेबांना घेऊन यायला पाठवलं.

साहेब तरुण होता, चपलेनंच चिखलात उतरला. वन्संना तेही खटकलं. त्यानं खोड बघितलं. "विष नाही, आत्या. मर रोग आहे. बुरशी असते, मातीतच राहते. जुन्या मुळांत, धसकटांत. या शेतात तूर किती वर्षं घेताय?"

"नेहमीच."

"म्हणजे बुरशीला दरवर्षी ताट वाढून ठेवलंय."

"मी?" वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला. गुन्हेगार शोधता शोधता स्वतःच्याच दारी येणं त्यांच्या हिशेबात नव्हतं.

बोलत बोलत आम्ही विहिरीकडे आलो आणि साहेब थांबला. चिंध्यांच्या आतली तूर हिरवीगार होती. एखाददुसरं झाड गेलेलं, बाकी फुलांनी लगडलेली.

"इथे ज्वारी कुणी लावली?"

"ट्रॅक्टरवाल्यानं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चमकले. "आत्ता कळलं. आपल्या ओळींतली तेवढी राखली आणि बाकीची मारली मेल्यानं!"

साहेबाला हसू आवरेना. मग त्यानं सांगितलं, की ज्वारीच्या मुळांतून जे काही पाझरतं ते या बुरशीला मानवत नाही. शिवाय तुरीच्या ओळींमध्ये ज्वारीची मुळं आली की एका झाडाच्या मुळावरून दुसऱ्याच्या मुळावर जायला तिला सोपं राहत नाही. "रोग जात नाही, पण बराच कमी होतो."

"ज्वारीला तुरीचा एवढा पुळका कशाला?"

"पुळका नाही हो, तिचा स्वभाव आहे."

"स्वभाव मला सांगू नकोस. फुकट कुणी कुणासाठी काही करत नाही."

"तूर तरी कुठे फुकट राहते? तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला खत देतात. ज्वारीलाही पुढेमागे मिळतंच."

हे मात्र वन्संना पटलेलं दिसलं. देणंघेणं असलं की व्यवहार सरळ, असं त्यांचं मत. तरी साहेबाची पाठ फिरल्यावर त्यांनी पट्ट्यातली चार चांगली झाडं ठिकठिकाणची उपटली आणि तिथंच चिरली. मी ओरडले, "अहो, बियाची झाडं ती!" पण त्यांना आत बघितल्याशिवाय राहवणार नव्हतं. चारही खोडं स्वच्छ, फिकट निघाली.

पीक निघालं. बी धरलं ते फक्त त्या पट्ट्यातलं, आजारी झाड वगळून, शेंग न् शेंग निवडून. एक मडकं जेमतेम भरलं. चार माणसांना पुरावा दाखवायचा बेत तसाच राहिला.

साहेबानं जाताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या शेतात आता काही वर्षं तूर नको, आणि दुसरीकडे पेराल तिथेही ज्वारीच्या ओळी घालाच. वर, बी एकाच घरात ठेवू नका, आणखी कुणाकडे तरी द्या. ही तिसरी गोष्ट वन्संच्या घशाखाली उतरेना. एकेक नाव घ्यायच्या आणि खोडायच्या. दुकानदार विकून टाकेल. माझी मावसबहीण शिजवून खाईल. साहेबालाच हवं असेल, म्हणून तर सांगतोय! शेवटी एक दिवस पदरात ओंजळभर बी बांधून त्या बांधावर गेल्या. मीही मागोमाग गेले, भांडण झालं तर सोडवायला.

पलीकडची ते बघून दोन पावलं मागे सरली. "मागितलं तेव्हा दिलं नाहीत. आज स्वतः होऊन? काय लावलंय याला?"

"काही नाही लावलेलं."

"मग काय हवंय तुम्हाला? बांध सरकवायचाय?"

तिनं सूप आणवलं, बी पसरलं, एक दाणा दातांखाली फोडला, एक पाण्यात टाकला. "हा बारीक का? हा डागाळलेला कसा?" वन्संनी ते दाणे स्वतः वेचून बाजूला काढले. असं दुसऱ्याचं ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"मध्ये ज्वारीच्या ओळी घालायच्या," त्यांनी सांगितलं.

"म्हणजे तुरीचं पीक निम्मं! हाच डाव का?"

"घालायची तर घाल. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण माझी झाडं तगली ती ज्वारीतली तेवढीच."

पेरणीला ट्रॅक्टरवाला आमच्या दुसऱ्या शेतात यायला तयार होईना. वन्संनीच त्याला गाठलं. "मागल्या वर्षी केलीस तशीच चूक कर."

"आणि पुन्हा मुद्देमाल करा! आत्या, चूक आठवून कशी करणार? दोन पेट्या का तीन?"

"मोजून सांगते. उभी राहीन शेजारी."

आमची पेरणी झाल्यावर तोच ट्रॅक्टर पलीकडचीकडे गेला. तिनं पेट्यांत खांद्यापर्यंत हात घातला, कोपऱ्यात अडकलेले दोन परके दाणे काढले आणि त्याच्या नाकासमोर धरले. मग सगळ्या पेट्या रिकाम्या करवून, फडक्यानं पुसून घेतल्याशिवाय बी ओतू दिलं नाही. वन्सं बांधावरून सगळं बघत होत्या.

"तिच्याकडे बी नीट राहील," त्या मला म्हणाल्या.

घरी यायला वळलो, तेव्हा पुन्हा थांबल्या. "फारच नीट राहिलं, तर मात्र बघावं लागेल."